तेरिसबुलाकचा मुका भोंगा

१

मंगळवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तेरिसबुलाकच्या घळीतून सेल, म्हणजे डोंगरातला चिखलाचा लोंढा, उतरला. चिखल, धोंडे, मुळासकट उपटलेले सफरचंदाचे बुंधे, सगळं एकदम खाली आलं आणि गावाची खालची आळी घेऊन गेलं. धोक्याचा भोंगा वाजला नाही.

भोंगा बिघडला होता म्हणावं, तर त्याच दिवशी सकाळी गावकचेरीतल्या कारकुनानं चाचणीचं बटण दाबलं होतं आणि गावातली सगळी कुत्री भुंकायला लागावीत इतका तो खणखणीत वाजला होता. वरच्या चौकीतलं पाणी मोजणारं यंत्र बंद होतं म्हणावं, तर तेही नाही. चार वाजून पाच मिनिटांनी त्या यंत्रानं पाणी चढल्याची नोंद अल्माटीला धाडली, चार सेकंदांत ती पोचली. पाठोपाठ आणखी दोन गेल्या. तिन्ही नोंदी भोंगा वाजवणाऱ्या प्रोग्रामला मिळाल्या आणि तिन्ही रद्द करून त्यानं प्रत्येकीपुढे एकच शब्द लिहिला : टाकली.

प्रोग्रामचं नाव सेलखबर. तो कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. त्याचा कोड उघड्यावर होता. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी आणि राखणदारांनी ती तपासून आत घ्यावी, अशी रीत. अल्माटीपासून खोरोगपर्यंत दीडएकशे हौशी माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून त्याला हातभार लावत. राउशान बेकेनोवा ही राखणदारांतली सगळ्यात जुनी. वय सेहेचाळीस. दिवसा औषधांच्या एका दुकानसाखळीचे सर्व्हर सांभाळायचे आणि उरलेला जीव सेलखबरला द्यायचा. पगार नाही, आभार क्वचित. नऊ वर्षांत सेलखबरनं अकरा वेळा भोंगे वाजवले होते आणि अकराही वेळा माणसं वेळेत घराबाहेर पडली होती. एवढ्या एका गोष्टीवर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. बाराव्या वेळी भोंगा मुका राहिला.

शुक्रवारी तपास अधिकारी जुमादिलोवचा फोन आला.

"तुमच्या त्या कोडमधलं मला ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे कुणालाच कळत नाही. तुम्हीच पाहा आणि मंगळवारपर्यंत कागद भरून द्या. चूक कुणाची ते लिहा. एक नाव पुरे."

"एकच?"

"कागदावर जागा एकाचीच आहे, बाई. आणि तसंही लोकांनी नाव शोधून काढलंय. तोख्तार झाक्सीलिकोव. पोरानं दोनच दिवस आधी तुमच्या कोडमध्ये काहीतरी केलं, असं सगळीकडे फिरतंय. तुम्ही दुसरं नाव दिलं नाहीत, तर मी तेच पुढे धाडणार. माणूस गेलाय. तुरुंग चुकणार नाही."

गेलेला माणूस म्हणजे गावच्या शाळेतले भूगोलाचे निवृत्त मास्तर, झेनोल्ला-आगाय. खालच्या आळीतली एकतीस माणसं त्यांनीच बाहेर काढली होती, बादली बडवत, दारं ठोठावत. शेवटी बहिऱ्या बिकेन म्हातारीला टेकाडावर चढवलं आणि स्वतः खाली राहिले.

"एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसत नाही," जुमादिलोव म्हणाला. "भोंगा गप्प. पाणी अजून गावातून दिसत नव्हतं, आवाजही नव्हता. मग मास्तर पंधरा मिनिटं आधीच बादली घेऊन कसे सुटले? त्यांना कुणी सांगितलं?"



२

शनिवारी सकाळी तोख्तार आला. सव्वीस वर्षांचा मुलगा, पण चार दिवसांत चेहरा पार उतरून गेला होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. राउशान जिथे टेबल भाड्यानं घेऊन बसायची त्या सामाईक खोलीत तो दाराशीच घुटमळला.

"बस. काही खाल्लंस का?"

"आई ताट ठेवते, ताते. गिळवत नाही." मोठ्या बहिणीला म्हणावं तसं तो तिला ताते म्हणायचा.

तिनं खण उघडला. मे महिन्यात खोलीत कुणीतरी पिशवीभर घरचं कुरुत आणून ठेवलं होतं, दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या, त्यात पुदिना घातलेला. चिठ्ठीवरच्या नावाचं खोलीत कुणीच नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून संपवलं. तिच्या खणात तेवढ्या दोन गोळ्या उरल्या होत्या. एक तिनं तोख्तारपुढे ठेवली. त्यानं हात लावला नाही. दुसरी तिनं सवयीनं तोंडात टाकली.

"आता सांग. काय बदललंस?"

"कचरा काढला, ताते. खरंच. प्रोग्राम एखादी नोंद टाकून देतो तेव्हा का टाकली तेही लिहायचा. रोज तेच वाक्य, दिवसाला शेकडो वेळा. नोंदवही भरून वाहायची. मी ते कारण छापणं बंद केलं. नोंद घ्यायची की टाकायची ते ठरवणाऱ्या ओळींकडे मी फिरकलोसुद्धा नाही."

"वाक्य काय होतं?"

त्यानं मान खाली घातली. "नाही आठवत. म्हणजे वाचलंच नाही. हजार वेळा आलेलं कोण वाचतं?"

"आणि तुझा बदल तपासून आत कुणी घेतला?"

तोख्तारनं तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "तुम्हीच, ताते."

खरं होतं. प्रत्येक दुरुस्ती माणसानं पाहण्याआधी एका आपोआप चाचणीतून जाते. पास झाली तर हिरवी, नापास झाली तर लाल. तोख्तारची हिरवी होती. राउशाननं ती ट्रॉलीबसमध्ये उभ्या उभ्या फोनवर आत घेतली होती.

जास्त बोलण्यात अर्थ नव्हता. तिनं लॅपटॉपवर जुना सेलखबर काढला, तोख्तारनं हात लावण्याआधीचा, आणि मंगळवारच्या त्या तीन नोंदी ज्या वेळेला आल्या त्याच वेळा लावून त्याच्या पोटात सोडल्या. पोराचा जीव टांगणीला लागला होता. जुन्या प्रोग्रामनं भोंगा वाजवला, तर तोख्तार मेला. नाही वाजवला, तर सुटला.

जुना प्रोग्रामही गप्प राहिला. फक्त त्यानं कारण लिहिलं : टाकली. नोंद शिळी. एक तास जुनी.

"सुटलास," राउशान म्हणाली.

तोख्तार हसला नाही. तो त्या वाक्याकडे बघत बसला होता. "हेच, ताते. हेच वाक्य रोज यायचं. मी वाचलं असतं तर?"

 चार सेकंदांत पोचलेली नोंद एक तास जुनी कशी असेल? तिनं नोंदवहीची मागची पानं काढली. जून, मे, एप्रिल. तेरिसबुलाकची एकूण एक नोंद टाकलेली. सेलखबरच्या फलकावर पाण्याचे आकडे नीट दिसत होते, चाचणीचं बटण तारेनं थेट भोंग्याला जोडलेलं होतं, म्हणून चार महिने कुणाला पत्ता नव्हता. ती मागे मागे गेली आणि एका तारखेशी थांबली. फेब्रुवारीपर्यंत सगळं ठीक. पहिल्या मार्चच्या सकाळपासून सगळं कचऱ्यात.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी तिघा राखणदारांपैकी एक जण सेलखबर सोडून गेला होता. शिळ्या नोंदींचा नियम त्याचाच.

३

त्याचं नाव मादियार. आता तो एका खाजगी कंपनीत होता आणि ती कंपनी धोक्याचे भोंगे विकायची. रविवार असूनही तो कचेरीत सापडला. राउशानला पाहून त्यानं खुर्ची पुढे सरकवली, पण हात पुढे केला नाही.

"अर्ध्या तासाहून जुनी नोंद आली तर भोंगा वाजवायचा नाही. हा नियम तुझा," ती म्हणाली.

"माझा. आणि बरोबर आहे. डोंगरात तार तुटते, दोन तासांनी जुन्या नोंदी एकदम येऊन पडतात. त्यावर भोंगा वाजला की गाव धावतं. दोनदा धावतं, तिसऱ्यांदा घरात बसून राहतं. तूच तेव्हा मला डोक्यावर घेतलं होतंस."

"पहिल्या मार्चपासून तेरिसबुलाकची प्रत्येक नोंद या नियमानं टाकली जातेय. तू आदल्या दिवशी गेलास. आणि ज्यांच्याकडे गेलास ते भोंगे विकतात."

मादियार थोडा वेळ पेन फिरवत राहिला. "म्हणजे दोन भोंगे खपावेत म्हणून मी म्हातारा मारला. लिही की. नाव पूर्ण लिही, वडिलांच्या नावासकट."

"मी विचारतेय फक्त."

"मी का गेलो, ते विचारलंस कधी? चारशे दुरुस्त्या रांगेत आणि आपण तिघं. लोक लिहायचे, भांडायचे, कंटाळून जायचे. मग तू तो तुझा छोटा प्रोग्राम बसवलास. साठ दिवसांत कुणी पाहिलं नाही, की दुरुस्तीची विनंती आपोआप बंद. रांग साफ. तुला वाटलं, काम झालं. आणि उरलेल्यांतल्या तू फक्त हिरव्या उघडायचीस. लाल दिसली की पुढे."

"वेळ कुठे होता, मादियार?"

"तेच म्हणतोय. माझ्याकडेही नव्हता. मी निदान ते कबूल करून गेलो."

तिनं पिशवी खांद्याला लावली. त्याचा कोड तिनं रात्रभर नाही, पण सकाळभर तरी चाळला होता. शेवटच्या महिन्यात त्यानं एका ओळीलाही हात लावला नव्हता. हे तिला इथे येण्याआधीच ठाऊक होतं. तरी ती आली, कारण दोष त्याचा निघाला असता तर बरं वाटलं असतं.

"आणि पहिल्या मार्चचं म्हणशील," मादियार तिच्या पाठीमागून बोलला, "तर तेव्हा मी एकटाच मागे हटलो नाही. अर्ध्या देशानं घड्याळ मागे घेतलं होतं. पकडा सगळ्यांना."

टोमणाच होता तो. राउशान लिफ्टपर्यंत गेली, बटण दाबलं, लिफ्ट आली, दार उघडलं आणि मिटलं. ती तिथेच उभी होती. पहिल्या मार्चला सरकारच्या हुकमानं अल्माटीची वेळ मागे गेली होती.

बरोबर एक तास.

४

सोमवारी सकाळी ती चौकीवर पोचली. घळीच्या वर, कड्याच्या काठावर एक खोली, एक चूल आणि चौकीदार विक्टर पावलोविच, वय एकाहत्तर. बाकीच्या चौक्यांतली यंत्रं नवी होती. वेळ बदलली की ती आपसूक बदलायची आणि नोंदीबरोबर ते कळवायचीही. तेरिसबुलाकचं यंत्र फार जुनं होतं. त्याला असलं काही यायचं नाही.

"मार्चमध्ये घड्याळ कुणी फिरवलं?" तिनं चहाही न घेता विचारलं.

"मी. दुसरं कोण आहे इथे?" म्हाताऱ्यानं मनगट दाखवलं, मग भिंत, मग यंत्र. "हे एक, ते दोन, हे तीन. रेडिओवर म्हणाले एक तास मागे, मी तिन्ही मागे केली. का? दोनच करायची होती?"

राउशान स्टुलावर बसली. सगळं समोर मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं. चौकीचं यंत्र सांगायचं, चार वाजून पाच. शहरातल्या प्रोग्रामच्या लेखी मात्र ही चौकी अजून जुन्याच वेळेवर होती. तो म्हणायचा, जुन्या वेळेचे चार वाजून पाच, म्हणजे आताचे तीन वाजून पाच. नोंद एक तासाची शिळी. फेका. आजचं पाणी तो कालचं समजून टाकत होता, चार महिने, दर पाच मिनिटांनी.

तिनं हे विक्टर पावलोविचला समजेल तसं सांगितलं. तो ऐकत होता, पण चकित झालेला दिसला नाही. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"तुम्ही दुसऱ्या," तो म्हणाला.

"दुसऱ्या म्हणजे?"

"हेच सगळं विचारायला येणाऱ्या. एप्रिलात झेनोल्ला आला होता. तुम्ही बसलात तिथेच बसला. कागदावर दोन घड्याळं काढून दाखवली मला. तुमचा प्रोग्राम उघडा असतो म्हणे, वाचता येतो. त्यानं वाचला होता."

राउशाननं यंत्राकडे पाहिलं. "मग तुम्ही यंत्राचं घड्याळ परत पुढे का नाही केलं?"

"मी म्हटलं त्याला, करतो. तो म्हणाला, हात लावू नकोस, विक्टर. मी शहरातल्यांना दुरुस्ती पाठवलीय. त्यांनी तिकडे नीट केलं आणि तू इकडे फिरवलंस, तर मिळून पुन्हा चुकेल. त्यांचा निरोप येईल, तोवर थांब." म्हातारा घळीकडे बघत होता. "गावकचेरीतही गेला होता. त्यांनी बटण दाबून दाखवलं. वाजतोय की, मास्तर, म्हणाले, घरी जा."

"आणि निरोप?"

"तुम्ही सांगा. यायचा होता तुमच्याकडून."

राउशाननं आदल्याच दिवशी सेलखबरची अख्खी रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली होती. तीत झेनोल्ला नावाच्या माणसाची एकही दुरुस्ती नव्हती.

५

त्या दिवशी मास्तरांचा सातवा होता. ती खाली गावात उतरली तेव्हा जेवणं आटोपली होती, पाहुणे पांगत होते. मास्तरांच्या बायकोला, कुल्याश-अपांना, तिनं आपण कोण ते सांगितलं. आता शिव्या ऐकायच्या, अशा तयारीनं ती उभी राहिली.

"सेलखबरची?" कुल्याश-अपांचा चेहरा उलट मऊ झाला. "ये गं, आयनालायिन, माझ्या बाळा, आत ये. एवढ्या लांबून आलीस. चहा घे आधी."

दुधाचा चहा आला, तळलेले बाउरसाक आले, वाडग्यात कुरुत आलं. न खाणं बरं दिसलं नसतं. राउशाननं एक गोळी तोंडात टाकली आणि तिचा जबडा थांबला.

पुदिना.

"घरचंच आहे," कुल्याश-अपा म्हणाल्या. "पुदिना मीच घालते, आमच्याकडे दुसरं कुणी घालत नाही. त्याला आवडायचं. मेमध्ये शहरात सेलखबरच्या पत्त्यावर पाठवलं होतं की पिशवीभर, दूधवाल्याच्या गाडीतून. चिठ्ठी लावून. त्या मुलीला."

"कुठल्या मुलीला, अपा?"

"कार्लिगाशला. तुमच्यातलीच ना ती? मला वाटलं, आज तीही येईल तुझ्याबरोबर."

राउशानला ते नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण कुठे ते लागेना. कुल्याश-अपांनी कपाटातून एक शाळकरी वही आणली. साठी उलटल्यावर मास्तर शाळेच्या संगणक-तासाला मुलांच्या मागच्या बाकावर जाऊन बसत, तिथली वही. तिच्यात तीन छापील पत्रं चिकटवलेली होती.

पहिलं वीस एप्रिलचं : "प्रिय झेनोल्ला, सेलखबरला तुम्ही पहिल्यांदाच हातभार लावत आहात, मनापासून आभार! आमची माणसं लवकरच तुमची दुरुस्ती पाहतील. तुमची, कार्लिगाश."

दुसरं बारा जूनचं : "प्रिय झेनोल्ला, बरेच दिवस इथे काही हालचाल नाही. तुम्ही अजून यावर काम करत आहात का? तुमची, कार्लिगाश."

तिसरं एकोणीस जूनचं : "प्रिय झेनोल्ला, साठ दिवसांत हालचाल न झाल्यामुळे ही विनंती आम्ही बंद करत आहोत. वाईट वाटून घेऊ नका. तुमची, कार्लिगाश."

प्रत्येक पत्राखाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात उत्तराचा कच्चा मसुदा होता. दुसऱ्याखाली : "आदरणीय कार्लिगाश, होय, मी काम करत आहे. मी वाट पाहण्याचं काम करत आहे. कृपया आपल्या वरिष्ठांना सांगावे की उन्हाळा लागला आहे आणि वरचं बर्फ वितळू लागलं आहे." आणि शेवटच्या पत्राखाली : "आदरणीय कार्लिगाश, बंद करू नये. आपला यात दोष नाही हे मी जाणतो."

"इस्त्रीचा सदरा घालून लिहायला बसायचा," कुल्याश-अपा सांगत होत्या. "म्हणायचा, एवढ्या मोठ्या शहरात तीच एक उत्तर देते. तिचा साहेब कडक असेल, तिचं ऐकत नसेल. पण पोरगी चांगली आहे. शेवटी म्हणाला, जाऊ दे, तोवर मी बघतो. जूनपासून रोज दुपारी बादली घेऊन घळीच्या तोंडाशी बसायचा. भोंग्याच्या जागी."

जुमादिलोवच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. भोंगा वाजणार नाही हे माहीत असलेला तो त्या गावातला एकमेव माणूस होता.

आणि कार्लिगाश कोण तेही राउशानला आता आठवलं. दोन वर्षांपूर्वी विनंत्या बंद करणारा तो छोटा प्रोग्राम लिहिताना तिला वाटलं होतं, कोरडा निरोप गेला तर लोक दुखावतील. म्हणून तिनं खाली एक नाव घातलं. खिडकीबाहेर तारेवर पाकोळ्या बसल्या होत्या, तर पाकोळीचंच नाव, कार्लिगाश. ती पत्रं फक्त बाहेरच्या माणसांना जायची. राखणदारांना कधी दिसायची नाहीत. त्यांना उत्तर पाठवलं तर ते जिथे जायचं, ती पेटी कुणी उघडत नसे. नाव काय ठेवलं होतं तेही ती विसरून गेली होती.

६

ती अंगणात आली, लॅपटॉप गुडघ्यांवर घेतला आणि रांगेत नाही, तर बंद केलेल्यांच्या ढिगात शोधलं. सापडायला मिनिटही लागलं नाही.

अकरा ओळी होत्या. नवशिक्याच्या हातच्या, थोड्या बोजड, पण चोख. एखाद्या चौकीचं घड्याळ हातानं फिरवलेलं असेल तर ते ओळखायचं कसं, हे त्यांत मांडलं होतं, आणि वर साध्या भाषेत चार वाक्यांत कारण. शेजारी लाल खूण होती. तिनं लाल का ते पाहिलं. आपोआप चाचणीच्याच नमुन्यात जुनी वेळ लिहून ठेवलेली होती. मास्तर बरोबर होते म्हणूनच चाचणीनं त्यांना नापास केलं होतं. कुणी माणसानं उघडून पाहिलं असतं, तर पाच मिनिटांत लक्षात आलं असतं. लाल दिसल्यामुळे ती उघडली गेली नव्हती. ती न उघडणारी बाई कोण, हे शोधायला आणखी कुणाला भेटायचं उरलं नव्हतं.

दुपारचे तीन वाजत आले होते. ऊन तापलं होतं, वर अजून बर्फ होतं. राउशाननं विनंती पुन्हा उघडली, चाचणीतली वेळ सुधारली आणि मास्तरांच्या अकरा ओळी सेलखबरमध्ये घेतल्या. पाच मिनिटं थांबली. चौकीवरून नोंद आली. प्रोग्रामनं तिच्यापुढे लिहिलं : घेतली.

मग तिनं जुमादिलोवचा कागद काढला. तोख्तारनं एक वाक्य वाचलं नव्हतं, मादियार दमून गेला होता, विक्टर पावलोविचनं रेडिओचं ऐकलं होतं. जागा एकाचीच होती. तिनं तिथे आपलं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.  बरं वाटलं नाही.

इतक्यात आत कुठेतरी फोन किणकिणला. कुल्याश-अपा उंबऱ्यावर आल्या, हातात मास्तरांचा जुना फोन.

"वाच गं जरा, माझा चष्मा सापडत नाही. तिचंच आहे वाटतं."

राउशाननं फोन घेतला. आपलीच वाक्यं तिला मोठ्यानं वाचावी लागली.

"प्रिय झेनोल्ला, अभिनंदन! तुमची पहिली दुरुस्ती आम्ही स्वीकारली आहे. सेलखबर उभा आहे तो तुमच्यासारख्यांमुळेच. तुमच्या पुढच्या कामाची वाट पाहतो. तुमची, कार्लिगाश."

कुल्याश-अपा भिंतीला टेकल्या. "उशीर केला पोरीनं," त्या म्हणाल्या. "पण लिहिलं. तो म्हणायचाच, लिहील म्हणून. तिला उत्तर धाड बाई. म्हणावं, आता त्याला नाही जमणार."

हेही तसंच जाऊ द्यावं, असं राउशानला एक क्षण फार वाटलं.

"अपा, कार्लिगाश नावाची मुलगी नाहीये. ते यंत्र आहे. पत्रं आपोआप जातात. त्यातले शब्द मी लिहिलेत, दोन वर्षांपूर्वी, एकदाच, सगळ्यांसाठी. आणि तो कडक साहेब म्हणजे मीच. त्यांची उत्तरं कुणी वाचली नाहीत. दुरुस्तीही वाचली नाही. आज वाचली."

 खालच्या आळीकडून फावड्यांचा खरखराट येत होता. कुल्याश-अपांनी शिवी दिली नाही, रडल्याही नाहीत. डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला.

"मग ते कुरुत?" त्यांनी विचारलं. "ते कुणी खाल्लं?"

"आम्ही. मी खाल्लं. शेवटची गोळी परवा."

"आवडलं होतं का?"

राउशाननं मांडीवरचा लॅपटॉप मिटला.

"नाही, तो रोज विचारायचा मला," कुल्याश-अपा म्हणाल्या. "तिला आवडलं असेल का म्हणून. मी म्हणायची, मला काय ठाऊक."

"हो," राउशान म्हणाली. "फार आवडलं."

कुल्याश-अपांनी मान हलवली, तिच्या हातातून फोन घेतला आणि पियाले विसळायला त्या आत गेल्या.